कँटन ते ग्वांगझौ : जामिनावर चाललेले बंदर

गलबत

बॅगांना लागणारी बक्कले, कड्या, चेनचे रनर असा किरकोळ दिसणारा माल आणण्यासाठी मी गेली काही वर्षे दक्षिण चीनमधील ग्वांगझौ या शहरात जातो. पहिल्या खेपेला तेथील सान्युआनली भागातल्या घाऊक बाजारात, एका गाळ्यावर, पितळी मुलाम्याचा रनर हातात धरून मी भाव विचारला. गाळ्यावरच्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवण्याआधी मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमधून मलाच उलटा प्रश्न केला : ‘तुमचा माणूस कोण?’ माल कोणाच्या गोदामात टाकायचा, पैसे कोण चुकते करणार आणि उद्या मालावरून तंटा झाला तर कोणाच्या दारात जायचे, हे सगळे त्या एका प्रश्नात आले. माझ्याकडे तेव्हा माणूस नव्हता, म्हणून मला भावही मिळाला नाही. पुढे या शहराचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, अडीचशे वर्षांपूर्वी या बंदरात येणाऱ्या प्रत्येक पाश्चात्त्य जहाजाला हाच प्रश्न सरकारी हुकमाने विचारला जात होता.

त्या शहराची आणि त्याच्या अर्थव्यवस्थेची ओळख करून द्यावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे आहे की, जिंगदेझेनने चिनी मातीची भांडी भाजली, सुझौने रेशीम विणले, आणि ग्वांगझौने प्रामुख्याने हमी विकली. चुकत असेन तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

शहराचे स्थान आधी पाहू. पश्चिम, उत्तर आणि पूर्व अशा दिशांची नावे असलेल्या तीन नद्या ज्या त्रिभुज प्रदेशात एकत्र येतात, तेथे पर्ल नदीच्या काठी हे शहर वसले आहे. समुद्रापासून ते थोडे आत आहे, त्यामुळे वादळापासून आडोसा मिळतो आणि परदेशी जहाजांवर नजरही ठेवता येते. इंग्रजी कागदपत्रांतले ‘कँटन’ ते हेच. ग्वांगडोंग प्रांताची ही राजधानी असून 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1 कोटी 86 लाखांवर गेली होती.

ख्रिस्तपूर्व 214 मध्ये छिन साम्राज्याचे सैन्य येथे पोचले आणि पान्यू नावाचे ठाणे वसले. साम्राज्य कोसळल्यावर त्याच्याच एका सेनाधिकाऱ्याने नान्युए नावाचे स्वतंत्र राज्य थाटले. या राज्याच्या दुसऱ्या राजाची कबर 1983 मध्ये एक टेकडी खोदताना सापडली. तीत जेडच्या तुकड्यांचे कफन होते, आफ्रिकी हस्तिदंत होते आणि इराणी घडणीची चांदीची एक डबीही होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच समुद्रापलीकडचा माल येथे उतरत होता. तांग घराण्याच्या काळात (सातवे ते दहावे शतक) सागरी व्यापारावर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी येथे नेमला गेला. अरब व इराणी व्यापाऱ्यांची वेगळी वस्ती होती आणि तिला स्वतःचा मुखिया होता. हुआइशेंग मशिदीचा गुळगुळीत, पांढरा मिनार आजही उभा आहे. नदीचे पात्र जवळ होते तेव्हा त्यावरचा दिवा जहाजांना वाट दाखवीत असे. 879 मध्ये ह्वांग छाव या बंडखोराने शहर घेतले, तेव्हा या परदेशी वस्तीची मोठी कत्तल झाली.

आता मुख्य मुद्दा. 1757 मध्ये छियानलोंग सम्राटाने पाश्चात्त्य जहाजांचा व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित केला आणि पुढली 85 वर्षे ती व्यवस्था टिकली. जहाज प्रथम पोर्तुगीजांच्या मकाव बंदरात थांबे. तेथे परवाना आणि वाटाड्या घेऊन ते हूमेनच्या खाडीतील तोफांखालून आत येई आणि शहराच्या अलीकडे, ह्वांगपू येथे नांगर टाकी. मग जकात अधिकाऱ्याची माणसे जहाजाची लांबी-रुंदी मोजून पट्टी ठरवीत. तिच्यावर नजराणा वेगळा. पण माल उतरवण्यापूर्वी एक गोष्ट अनिवार्य होती. सरकारमान्य चिनी व्यापाऱ्यांपैकी एकाने त्या जहाजाचा जामीन होणे आवश्यक असे. जहाजाची जकात बुडाली, खलाशांनी दंगा केला किंवा नियम मोडला, तर परदेशी कप्तानाला हात लावण्याऐवजी सरकार त्या जामिनाला धरी. दुभाष्या ठरलेला, वखारीला शिधा आणि नोकर पुरवणारा कारभारीही ठरलेला. या साखळीबाहेरच्या माणसाशी व्यवहार करण्यास मनाई होती.

या सरकारमान्य व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना ‘हाँग’ म्हणत. ‘तेरा हाँग’ असे नाव असले तरी त्यांची संख्या क्वचितच बरोबर तेरा असे. परदेशी लोक त्यांच्याकडून भाड्याने घेतलेल्या वखारींत राहत. नदीकाठचा हा पट्टा सुमारे तीनशे मीटरचा होता आणि त्याच्यावर युरोपातील अर्ध्या देशांची निशाणे फडकत. तेथे बायका आणण्यास बंदी होती, शहराच्या तटाआत जाण्यास बंदी होती, आणि हंगाम संपला की मकावला परतावे लागे. चिनी भाषा शिकवणाऱ्यालाही शिक्षा होती. आपल्या राजापूरच्या किंवा सुरतेच्या वखारी आठवल्या तर या जागेची कल्पना येईल. फरक इतकाच की येथे गोऱ्या व्यापाऱ्याला वखारीच्या अंगणापलीकडे फारसे काही दिसत नसे.

या पेढ्यांतील सर्वांत मोठे नाव ऊ बिंगजियान यांचे. परदेशी व्यापारी त्यांना ‘हौक्वा’ म्हणत. 1834 मध्ये त्यांच्या मालमत्तेचा अंदाज 2 कोटी 60 लाख स्पॅनिश डॉलर इतका केला गेला होता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांमार्फत त्यांचा पैसा अमेरिकेतही गुंतलेला होता. एवढ्या श्रीमंतीनंतरही त्यांना आपल्या पदाचा राजीनामा देण्याची परवानगी सहजी मिळत नसे, कारण सरकारला जामीन हवा होता आणि तो ऐपतदारच हवा होता.

---

निवृत्त_रोखपाल

गलबतराव, माहितीपूर्ण लेखन. आपण जामिनाचा मुद्दा घेतला आहे, त्याला माझ्या जुन्या पेशातली एक पुस्ती जोडतो.

हाँग व्यापारी वारंवार बुडत. चहा विकत घ्यायला भांडवल कमी पडे, म्हणून ते परदेश्यांकडून जबर व्याजाने कर्ज काढीत आणि एखाद्या मंद हंगामात पेढी बसे. तेव्हा एका पेढीचे परदेशी कर्ज बाकीच्या सगळ्यांनी मिळून फेडावे, असा दंडक सरकारने घातला. त्यासाठी मालावर एक छोटी पट्टी बसवून सामायिक निधी उभारला गेला. या निधीची कीर्ती अमेरिकेपर्यंत गेली. 1829 मध्ये न्यूयॉर्क राज्याने बँकांसाठी ‘सेफ्टी फंड’चा कायदा केला, त्यात प्रत्येक बँकेने निधीत वर्गणी भरायची आणि एखादी बँक बुडाली तर तिची देणी त्या निधीतून द्यायची, अशी तरतूद होती. ही कल्पना मांडणाऱ्या जोशुआ फोरमन यांनी ती कँटनच्या हाँग व्यापाऱ्यांवरून सुचल्याचे स्पष्ट म्हटले होते. ठेव विम्याचा इतिहास शिकवताना तेथपासून सुरुवात करतात. आपल्याकडे ठेवींचा विमा 1962 मध्ये आला आणि आज त्याची मर्यादा 5 लाख रुपये आहे. एखादी सहकारी बँक बुडाली की आपल्या गावातले लोक ज्या रकमेची चौकशी करत फिरतात, तिचे एक मूळ पर्ल नदीच्या काठी आहे, ही गोष्ट मला नोकरीत असताना कोणी सांगितली नव्हती.

न्यूयॉर्कचा तो निधी बँका धडाधड बुडू लागल्यावर दहा-बारा वर्षांत आटला. कँटनमध्येही तेच होत होते. सगळेच एकमेकांचे जामीन असले की चांगल्या पेढीचा पैसा वाईट पेढीच्या कर्जात जातो, आणि कर्ज देणारा सावकार ऐपत न पाहता कर्ज देतो, कारण वसुलीची खात्री दुसऱ्याच्या खिशातून असते.

---

मोडी_वाचक

मुंबईचा धागा कोणीतरी जोडेल असे वाटले होते, पण अजून कोणी जोडलेला नाही, म्हणून लिहितो.

ईस्ट इंडिया कंपनीला कँटनमध्ये चहा हवा होता आणि चिन्यांना इंग्लंडच्या लोकरी कापडात रस नव्हता. चांदी किती दिवस मोजणार? म्हणून हिंदुस्थानातला माल पुढे आला. सुरुवातीला तो कापूस होता. गुजरातचा कापूस मुंबईत दाबून, गाठी बांधून कँटनला जाई आणि 1820 च्या आसपासपर्यंत हिंदुस्थानातून तेथे जाणाऱ्या मालात कापसाचे स्थान अफूपेक्षा वरचे होते. अफूने नंतर त्याला मागे टाकले.

अफू दोन प्रकारची होती. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्तेदारीची, आणि माळव्याची अफू शिंदे, होळकर व इतर संस्थानिकांच्या मुलखातली. उज्जैन-इंदूरचे सावकार ती खरेदी करीत आणि कंपनीच्या नाकाबंदीला वळसा घालून पोर्तुगीजांच्या दमणमार्गे चीनला रवाना करीत. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि माळवा इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आला, तरी ही गळती थांबेना. शेवटी 1830-31 मध्ये कंपनीने हट्ट सोडला आणि ठरावीक कर भरून माळव्याची अफू मुंबईतून पाठवण्याची मुभा दिली. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर तिकडून जाणारी दुसरी वाटही बंद झाली. मुंबईच्या भरभराटीत या करांचा आणि नफ्याचा वाटा फार मोठा आहे.

सर जमशेटजी जिजीभॉय यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. 1805 मध्ये ते ज्या जहाजात होते ते फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे हे दोघे चीनच्या व्यापारातले मोठे भागीदार झाले. जे.जे. रुग्णालय आणि जे.जे. कला विद्यालयाच्या इमारतींकडे पाहताना कँटन आठवले तर नवल नाही. पारशी व्यापाऱ्यांची दफनभूमी आजही ह्वांगपूच्या परिसरातील छांगझौ बेटावर आहे. तेथे अग्यारी होती की नाही, दोखम्याऐवजी (मृतदेह ठेवण्याच्या पारशी मनोऱ्याऐवजी) दफन का, हा चर्चेचा वेगळा विषय आहे, तो येथे नको.

---

गलबत

मोडी_वाचक, आपला प्रतिसाद माझ्या मूळ लेखातील मोठी उणीव भरून काढतो. अफूविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती जामिनाच्या मुद्द्याला थेट भिडते.

जहाजावर अफू नाही असे जामीन व्यापाऱ्याला लिहून द्यावे लागे. म्हणून 1821 नंतर अफूची जहाजे ह्वांगपूला येईनाशी झाली. नदीच्या तोंडाशी असलेल्या लिंतिन बेटाजवळ जुनी गलबते तरंगती कोठारे म्हणून कायमची नांगरून ठेवली होती. चिनी दलाल कँटनच्या वखारीत चांदी मोजून देई, चिठ्ठी घेई, ती चिठ्ठी लिंतिनला दाखवून पेट्या उचली आणि दोन्ही बाजूंना ओळीने वल्ही लावलेल्या वेगवान होड्यांतून किनाऱ्याला लावी. हा व्यवहार रोखीचा होता आणि त्याला जामीन नव्हता. ज्या व्यवस्थेचा सगळा डोलारा हमीवर उभा होता, तिच्या बाहेर, तिच्याच डोळ्यांसमोर, बिनहमीचा व्यापार तिच्याहून मोठा झाला आणि चांदी देशाबाहेर वाहू लागली.

मार्च 1839 मध्ये लिन झेश्यू हे शाही आयुक्त म्हणून कँटनला आले, तेव्हा त्यांनी काय केले पाहा. वृद्ध हौक्वा आणि त्यांचे एक सहकारी यांच्या गळ्यात साखळी घालून त्यांना परदेशी व्यापाऱ्यांसमोर उभे केले : अफू देत नसाल तर तुमच्या जामिनांची मान जाईल. जुन्या रीतीचा तो शेवटचा आणि सर्वांत उघड वापर होता. मग वखारींना वेढा पडला, त्यात पारशी व्यापारीही अडकले. अखेरीस 20,283 पेट्या स्वाधीन झाल्या आणि जूनमध्ये हूमेनला खड्डे खणून, खारे पाणी आणि चुन्याची कळी घालून त्या विरघळवण्यात आल्या. त्यावरून इंग्रजांनी चीनशी केलेले अफूचे युद्ध सर्वांना माहीत आहे. 1842 च्या नानजिंग तहात 2 कोटी 10 लाख डॉलरची जी रक्कम चीनवर बसली, तिच्यात 30 लाख केवळ हाँग व्यापाऱ्यांच्या थकलेल्या कर्जापोटी होते. रोखपाल साहेबांचा सामायिक निधी अशा तऱ्हेने आंतरराष्ट्रीय तहात जाऊन बसला.

---

सुईदोरा

चर्चा चहा आणि अफूभोवतीच फिरते आहे, म्हणून बायकांच्या कपाटातला एक पुरावा मांडते. पारशी कुटुंबांतील ‘गारा’ साड्यांवरचे भरतकाम मुळात कँटनहून आलेले. जांभळ्या किंवा काळसर रेशमावर पांढऱ्या व गुलाबी धाग्यांनी भरलेले बगळे, कमळे, पूल आणि लहान लहान चिनी माणसे. टाका इतका बारीक की उलट्या बाजूनेही नक्षी जवळजवळ तशीच दिसते. माझ्या सासूबाईंच्या मैत्रिणीकडील एक गारा मी दुरुस्तीसाठी हाताळली होती. बगळ्याच्या पंखात पांढऱ्याच्या चार छटा होत्या, हे मला भिंग लावल्यावर कळले. विशेष म्हणजे कँटनचे हे बाजारी भरतकाम करणारे कारागीर बरेचदा पुरुष असत.

चिनी मातीच्या भांड्यांचेही असेच आहे. भांडी जिंगदेझेनला भाजली जात, पांढरी कोरी कँटनला येत, आणि तेथल्या कारखान्यांत त्यांवर ग्राहकाच्या पसंतीची नक्षी, कुळाची चिन्हे, नावाची आद्याक्षरे रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजली जात. युरोपातील घराण्याने चित्र पाठवले की दोन हंगामांत संपूर्ण संच तयार होई. तेव्हा कँटनने फक्त हमी विकली हे काही मला पटत नाही. ऑर्डर घेऊन माल शेवटच्या टप्प्यावर तयार करून देणे, हाही त्या शहराचा धंदा होता.

---

बांधावरचा

सुईदोरा ताईंशी सहमत आहे आणि आणखी एक पाऊल पुढे जातो. गलबत यांच्या लेखात शहर आहे, पण शहराच्या पाठीशी असलेली शेती नाही.

पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः आजच्या फोशानमधील शुंदे आणि नानहाइ भागात, पाणथळ जमिनीत तळी खोदून निघालेल्या मातीचे रुंद बांध घातले जात आणि बांधांवर तुती लावली जाई. तुतीचा पाला रेशीमकिड्यांना, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना, आणि तळ्याच्या तळाचा गाळ वर्षातून काही वेळा उपसून पुन्हा तुतीच्या मुळाशी. बाहेरून खत जवळपास आणावेच लागत नसे. परदेशी मागणी वाढली तशी भातखाचरे मोडून तळी खोदली गेली, आणि ज्या प्रदेशात भात पिकत होता तेथे भात बाहेरून येऊ लागला. नगदी पिकाने अन्नपीक हटवल्याची ही गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

1870 च्या दशकात नानहाइमध्ये वाफेवर चालणारी रेशीम सूतगिरणी आली आणि हजारो तरुण मुलींना रोख मजुरी मिळू लागली. त्यांपैकी अनेकींनी स्वतःच्या हाताने केसांचा अंबाडा घालून, म्हणजे विवाहितेसारखी वेणीफणी करून, लग्न न करण्याची शपथ घेतली. म्हातारपणी एकत्र राहण्यासाठी त्या वर्गणी काढून घर घेत. 1930 च्या मंदीत रेशमाचा बाजार कोसळला, तेव्हा त्यांतल्या कित्येक जणी हाँगकाँग आणि सिंगापूरला घरकामाला गेल्या. आता त्या तळ्यांच्या जागी बहुतांशी कारखाने आहेत; घरगुती उपकरणे बनवणाऱ्या मिडिया कंपनीचे मुख्यालय शुंदेमध्येच आहे.

मुद्दा असा की, जामीन द्यायला कोणी तयार झाला तो मागे हा माल होता म्हणून.

---

गलबत

बांधावरचा, हरकत मान्य. माझे वाक्य एकांगी झाले, हे कबूल करतो. तरीही एका ठिकाणी मी माझा मुद्दा सोडत नाही. चहा कँटनजवळ पिकत नव्हता. परदेश्यांचा आवडता काळा चहा फूजियानच्या वूयी डोंगरांतून येई. तो हमालांच्या खांद्यावरून मेइलिंगच्या खिंडीतून आणि पुढे होड्यांतून, आठवडेच्या आठवडे प्रवास करून येथे पोचे, केवळ या बंदराला कायद्याने मक्ता होता म्हणून. 1842 च्या तहाने पाच बंदरे उघडली आणि चहा-रेशीम जवळच्या शांघायकडे वळले. त्या खिंडीवरचे हमाल आणि नावाडी बेकार झाले, आणि पुढे छिंग राजवटीविरुद्ध उठलेल्या थाइपिंग बंडात भरती होणाऱ्यांत त्यांचा भरणा होता. बंडाचा नेता होंग श्यूछ्वान हाही आजच्या ग्वांगझौच्या उत्तरेकडील भागातला. 1856 मध्ये जुन्या वखारी जळून खाक झाल्या आणि परदेशी वस्ती शेजारच्या शामियान बेटावर सरकली. मक्ता गेल्यावर शहर इतके मागे पडले, यावरून त्याच्या श्रीमंतीत मक्त्याचा आणि हमीचा हिस्सा किती होता हे समजते.

विसाव्या शतकात हाच धंदा दुसऱ्या रूपाने परतला. 1957 च्या वसंतात येथे निर्यातमाल मेळा भरला, तोच ‘कँटन फेअर’. पाश्चात्त्य देशांनी चीनवर व्यापारबंदी घातली होती आणि देशाला परकीय चलन हवे होते. हाँगकाँग जवळ आणि परदेशस्थ चिनी व्यापाऱ्यांची नाती जुनी, म्हणून हे शहर निवडले गेले. मेळा वर्षातून दोनदा भरतो आणि सांस्कृतिक क्रांतीच्या (1966-76) धुमाळीतही तो बंद पडला नाही. त्या काळात परदेशी व्यापारी देशात इतरत्र सहसा फिरू शकत नसे. तो या मेळ्यात येई, सरकारी निर्यात महामंडळाच्या माणसापुढे बसे, करार करी आणि परत जाई. नकाशावरची जागा तीच, नियमही ओळखीचे.

1984 मध्ये परदेशी गुंतवणुकीसाठी खुल्या केलेल्या चौदा किनारी शहरांत ग्वांगझौ आले. 1985 मध्ये एका फ्रेंच कंपनीबरोबर मोटारींचा कारखाना निघाला, तो 1997 मध्ये गुंडाळावा लागला; त्याच जागेवर होंडा आली, नंतर टोयोटा आली आणि शहर मोटारींचे मोठे केंद्र झाले. नान्शा येथे नवे खोल बंदर बांधले गेले. 2023 मध्ये शहराचे एकूण वार्षिक उत्पादन (जीडीपी) 3 लाख कोटी युआनच्या पुढे गेले. याच प्रांतातल्या शेनझेन शहराने त्याला मागे टाकले आहे आणि जुन्या शहरातल्या लोकांना ते फारसे आवडत नाही.

---

पाचवा_मजला

मी शिक्षणासाठी ग्वांगझौच्या तियानहे भागात तीन वर्षे राहिले. तेथील अर्थव्यवस्थेचा एक भाग गगनचुंबी इमारतींच्या मधोमध दडलेला आहे, तो सांगते.

चीनमध्ये शहरी जमीन सरकारची आणि गावची जमीन गावकऱ्यांच्या सामूहिक मालकीची असते. शहर वाढले तेव्हा सरकारने आजूबाजूची शेती संपादन केली, पण घरठाणे गावाकडेच राहिली, कारण लोकांचे पुनर्वसन महाग पडले असते. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी त्या गावठाणात सहा-सहा, आठ-आठ मजले चढवले. दोन इमारतींमधले अंतर इतके कमी की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतो, आणि लोक त्यांना ‘हस्तांदोलन इमारती’ असेच म्हणतात. माझ्या खोलीत दुपारी बारालाही दिवा लावावा लागे. समोरच्या खिडकीतल्या काकू भाजी चिरताना मला ‘जेवलीस का’ विचारीत, आणि माझे उत्तर ऐकण्यासाठी त्यांना सुरी थांबवावी लागत नसे.

शहरात स्वस्तात राहायची सोय अशा गावठाणांमुळेच होते. हाइझू भागातील कापडबाजाराशेजारच्या गावठाणांत खालच्या मजल्यावर शिलाई यंत्रे आणि वरच्या मजल्यावर कामगार, अशी मांडणी असते. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कारखानदार हातात नमुन्याचा कपडा आणि पुठ्ठ्यावर लिहिलेला दर घेऊन उभे राहतात, कारागीर शिवण उलटून पाहतात आणि दर पटला तर मागोमाग चालू लागतात. पान्यूमधल्या लहान कार्यशाळांतून ऑनलाइन कपडे विकणाऱ्या शीइनसारख्या कंपन्यांचे कपडे शंभर-दोनशे नगांच्या छोट्या तुकड्यांत शिवून जातात. लिएदे नावाचे गाव तर पाडून पुन्हा बांधले गेले. गावकऱ्यांना उंच इमारतींत सदनिका मिळाल्या, कुळांची पूर्वजमंदिरे नव्याने उभारली गेली, आणि गावाची सामूहिक कंपनी भाड्याच्या उत्पन्नातून सभासदांना लाभांश देते. भाडेकरू कारागिराला या व्यवहारात काहीच मिळाले नाही, त्याने फक्त पुढचे गावठाण शोधले.

---

पहिली_खेप

सर्वांचे आभार. मी कोल्हापूरचा असून चपला आणि पर्सना लागणारे साहित्य आणण्याचा विचार करतो आहे. गलबत दादा, तुमच्या पहिल्या प्रसंगात ‘माणूस’ नव्हता, तो पुढे कसा मिळाला? आणि तो फसवणार नाही, याची खात्री कशी करायची?

---

गलबत

भाऊ, विचारलेत म्हणून सांगतो, यात माझा शहाणपणा थोडाच आहे. दुसऱ्या खेपेला ओळखीतून एक मध्यस्थ घेतला. त्याने दर चांगले मिळवले, पण माल आला तेव्हा चाळीस खोक्यांपैकी सहांत नमुन्यापेक्षा हलक्या मुलाम्याचे रनर निघाले. गाळेवाला म्हणाला मध्यस्थाला विचारा, मध्यस्थ म्हणाला गाळेवाल्याला विचारा. नंतर लक्षात आले की तो गाळेवाल्याकडूनही दलाली घेत होता. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. मध्यस्थाची दलाली टक्क्यांत ठरवून लेखी घेतो आणि गाळ्याचे बिल मूळचेच मागतो. निवडलेला नमुना दोन भागांत कापून एक गाळ्यावर व एक माझ्याकडे ठेवतो, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवून. आणि तीस टक्के आगाऊ दिल्यावर उरलेली रक्कम माल गोदामात उघडून पाहिल्याखेरीज सोडत नाही. एकदा कंटेनर न्हावा-शेव्याकडे निघाला की तक्रारीला किंमत उरत नाही.

सान्युआनलीबद्दल एक सांगायचे राहिले. मे 1841 मध्ये याच गावच्या शेतकऱ्यांनी इंग्रजी फौजेला पावसात घेरले होते आणि चीनच्या शालेय पुस्तकांत त्याचा धडा असतो. तेथे स्मारक आहे. त्यापासून थोड्याच अंतरावर आज जगभरचे लोक पर्सचा भाव करीत असतात. जुन्या तेरा हाँगच्या रस्त्यावर तयार कपड्यांचा घाऊक बाजार आहे, पण तो पहाटे भरतो. आपण न्याहारी करून गेलात तर गाळे आवरताना दिसतील.

---

फणसवाडी

रत्नागिरीहून लिहितो. त्या शहरात फणसाशी संबंधित एक देऊळ आहे असे कोणीतरी म्हणाले होते. खरे आहे का?

---

गलबत

खरे आहे. ह्वांगपूजवळ दक्षिण समुद्राच्या देवाचे मंदिर आहे. ते 594 मध्ये स्थापन झाले, आणि जहाजे निघण्यापूर्वी तेथे पूजा होत असे. स्थानिक लोक त्याला ‘बोलुओ’ मंदिर म्हणतात, आणि चिनी भाषेत फणसाला ‘बोलुओमी’ म्हणतात. दंतकथा अशी की, तांग काळात बोलुओ नावाच्या देशाचा, बहुतेकांच्या मते हिंदुस्थानातला, एक दूत येथे उतरला. त्याने सोबत आणलेल्या फणसाच्या आठळ्या मंदिराच्या आवारात पेरल्या आणि तेथल्या शोभेत इतका रमला की त्याचे जहाज त्याला न घेताच निघून गेले. तो किनाऱ्यावर रोज वाट पाहत उभा राहिला आणि तसाच तेथे मेला. लोकांनी त्याची मूर्ती घडवून मंदिरात बसवली, तिला चिनी पोशाख घातला आणि देवाचा दर्जा दिला. काळसर चेहऱ्याची ती मूर्ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून समुद्राकडे पाहते आहे. चिनी पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात 11 ते 13 या तिथींना तेथे मोठी जत्रा भरते. मी ज्यासाठी जातो तो वसंतातला कँटन फेअर एप्रिलमध्ये असतो आणि जत्रा साधारण मार्चमध्ये येते, त्यामुळे मला अजून ती साधता आलेली नाही. आवारात फणसाची झाडे आहेत. मी गेलो तेव्हा खोडाला मुठीएवढ्या कुयऱ्या लागल्या होत्या.